टबात अडतीस, टँकमध्ये एकेचाळीस: सोलापूरच्या उन्हाळ्यात धुतलेल्या एका रोलचं प्रकरण

जुळे सोलापुरातलं वरच्या मजल्यावरचं घर. डोक्यावर थेट स्लॅब, स्लॅबवर काळी प्लास्टिकची पाण्याची टाकी. या घरात एका हौशी छायाचित्रकाराने दोन रंगीत निगेटिव्ह रोल धुतले. दोन्ही ३५ मिमीचे, ३६ फोटोंचे, एकाच बॅचचे. दोन्हींवर विषयही एकच: संक्रांतीची सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, नंदीध्वज आणि पांढऱ्या बाराबंदीतले भक्त. कॅमेरा तोच, दिवसही तेच.

पहिला रोल जानेवारीतच धुतला आणि सुरेख निघाला. दुसरा डबीसकट फ्रिजमध्ये राहिला, तो मेमध्ये धुतला आणि बिघडला. बाकी सगळं समान असल्यामुळे हे प्रकरण अभ्यासायला सोपं जातं. फरक ऋतूचा होता, आणि त्या ऋतूत कामाची पद्धत न बदलल्याचा.

रंगीत निगेटिव्ह धुण्याची सी-४१ ही प्रक्रिया कोडॅकने १९७२ साली आणली. तिच्यात डेव्हलपरचं, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाचं, तापमान ३७.८ अंश सेल्सिअस आणि वेळ ३ मिनिटं १५ सेकंद. कोडॅकने या तापमानाला सूट दिली आहे ती फक्त ०.१५ अंशाची, वर किंवा खाली. ३७.८ हा आकडा विचित्र वाटतो, पण तो म्हणजे बरोबर १०० अंश फॅरनहाइट. आपण घरात ‘अंगात शंभर ताप आहे’ म्हणतो, तेवढंच. ही जुळणी पुढे फार उपयोगी पडते. त्यानंतरच्या ब्लीच, फिक्सर (फिल्ममधली चांदी काढून टाकणारी रसायनं) आणि वॉश यांना मात्र २४ ते ४१ अंशांपर्यंत मोकळीक आहे. ती कामं पूर्ण झाली की आपोआप थांबतात, जास्त वेळ दिला तरी बिघडत नाहीत. डेव्हलपरचं तसं नाही. त्याला योग्य क्षणी आपण थांबवायचं असतं, म्हणून तापमानाची सगळी काळजी त्या सव्वातीन मिनिटांची.

मेमध्ये काय झालं

जानेवारीची पद्धत अशी होती. थर्माकोलच्या खोक्यात १८ लिटर पाणी. त्यात स्वयंपाकाची सू-व्हीड कांडी, म्हणजे पाणी फिरवत ठेवणारं, ठरवलेल्या तापमानाला बंद-चालू होणारं हीटर. डेव्हलपर आणि ब्लिक्सच्या (ब्लीच आणि फिक्सर एकत्र) अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटल्या त्या पाण्यात पाऊण तास उभ्या. टँकमध्ये, म्हणजे फिल्म रिळावर गुंडाळून ठेवायच्या अंधारबंद डब्यात, दोनदा कोमट पाणी घालून फिल्म आणि रीळ गरम करून घेतलं, मग डेव्हलपर ओतला. खोलीत तेव्हा २४ अंश होते.

मेमधल्या त्या दिवशी दुपारचे साडेतीन वाजले होते. खोलीत ४१. नळाला, म्हणजे स्लॅबवरच्या टाकीचं, पाणी ४४. खोका भरताना आईने हटकलंच, “टाकीचं कशाला घेतोस रे, माठातलं घे की.” त्याने दोन्ही घेतलं: १२ लिटर टाकीचं, ६ लिटर माठाचं २७ अंशांचं. गणित बरोबर होतं. (१२ × ४४ + ६ × २७) ÷ १८ म्हणजे ३८.३. कांडीवरही ३८.३ दिसत होतं.

डेव्हलपर त्याच दिवशी दुपारी बाराला पावडरीपासून बनवला होता. किटच्या पत्रकाप्रमाणे पावडर ४३ अंशांच्या पाण्यात विरघळवायची असते, ती तशीच विरघळवली आणि बाटली माळ्यावर ठेवली. साडेतीनपर्यंत ती जेमतेम अंशभर उतरली, कारण माळ्यावरची हवाच ४१-४२ होती. ‘सगळं आधीच गरम आहे, पाऊण तास कशाला थांबायचं’ असा विचार करून बाटली खोक्यात फक्त बारा मिनिटं ठेवली. टँक कोरडाच होता, तो आधी गरम करायची गरज वाटली नाही. सव्वातीन मिनिटं डेव्हलपर, साडेसहा मिनिटं ब्लिक्स, वॉश, शेवटी फिल्म टिकवणारं स्टॅबिलायझर. सगळं घड्याळाप्रमाणे.

निगेटिव्हनी दिलेली साक्ष

वाळलेला रोल जानेवारीच्या रोलशेजारी ठेवला, मोबाइलची पांढरी स्क्रीन खाली धरून. मेचा रोल नजरेत भरण्याइतका दाट होता. पहिला संशय जास्त एक्स्पोजरचा येतो, आणि तिथेच बहुतेक जण वाट चुकतात. हा संशय फेडायची जागा फोटोत नसते, फिल्मच्या कडेला असते. छिद्रांच्या ओळीलगत जे आकडे आणि फिल्मचं नाव उमटतं, ते कारखान्यातच एक्स्पोज केलेलं असतं. कॅमेऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. मेच्या रोलवर ते आकडे जाड, काळपट, कडांना किंचित फुगलेले होते. जानेवारीचे बारीक आणि रेखीव. दोन फ्रेममधली कोरी नारिंगी पट्टीही मेच्या रोलवर गडद होती. कोरी पट्टी गडद म्हणजे फॉग, प्रकाश न पडताही उमटलेला गडदपणा, वाढला. आकडे दाट आणि कोरी पट्टी गडद, दोन्ही एकत्र दिसलं की दोष डेव्हलपिंगचा, आणि तोही जादा डेव्हलपिंगचा. डेव्हलपर थकलेला असता तर नेमकं उलटं, सगळं फिकट दिसलं असतं.

फ्रिजमधल्या चार महिन्यांनी फिल्मवर थोडा परिणाम केला असेल, पण कडेचे आकडे एवढे फुगवण्याइतका नाही.

स्कॅन केल्यावर खरी अडचण समोर आली. बाराबंदीचा उन्हातला भाग गुलाबीकडे झुकलेला आणि त्याच कापडाच्या चुण्यांमधली सावली हिरवट. गुलाबी कमी करावं तर सावली अजून हिरवी होते, हिरवं कमी करावं तर उन्हातला भाग अजून गुलाबी. एकच रंग सगळीकडे सारखा चढलेला असता तर एका फिल्टरने निघाला असता. हा दोष तसा नाही. फिल्ममध्ये वर निळ्या, मध्ये हिरव्या आणि तळाला लाल प्रकाशाला संवेदनशील थर असतात, आणि डेव्हलपर वरून मुरत खाली जातो. तिन्ही थर एका ठरावीक तापमानाला आणि वेळेला एकमेकांशी जुळतील असे बनवलेले असतात. तापमान बदललं की प्रत्येक थराचा वेग आपापल्या परीने बदलतो आणि त्यांच्या उताराच्या रेषा (प्रकाश वाढेल तशी घनता किती वाढते ते दाखवणाऱ्या) एकमेकींना छेदतात. कोणता रंग कुठे झुकेल ते फिल्मप्रमाणे बदलतं. झुकाव उजेडात एक आणि सावलीत दुसरा, ही त्याची खूण. यात्रेतल्या पांढऱ्या कपड्यांमुळे तो ताबडतोब पकडला गेला. रंगीबेरंगी बाजारपेठेचा रोल असता तर कदाचित लक्षातही आला नसता.

तीन अंश आले कुठून

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच बाटलीत ४२ अंशांचं साधं पाणी घेऊन सगळी कृती पुन्हा केली. रसायन वाया न घालवता चूक शोधायची ही उत्तम रीत आहे, फिल्मही लागत नाही. बारा मिनिटांनी बाटलीच्या पोटात प्रोब घातला: ४०.४. खोक्यातलं पाणी मात्र ३८.३ वरच.

प्लास्टिक उष्णता सावकाश सोडतं आणि बाटलीतलं पाणी न हलवता उभं असतं. अर्ध्या लिटरच्या बाटलीला खोक्याशी एकरूप व्हायला पाऊण तास लागतोच, मग ती गार असो की गरम. जानेवारीत पाऊण तास दिला होता म्हणून चूक झाली नाही.

दुसरी गोष्ट टँकची. थंड देशांतल्या सगळ्या सूचना एका गृहीतकावर उभ्या आहेत: टँक गार असतो आणि तो डेव्हलपरची उष्णता खातो. २२ अंशांचा कोरडा टँक ३०० मिली डेव्हलपरचे दोनेक अंश सहज खातो, म्हणून तिकडे डेव्हलपर अंशभर जास्त ठेवायला सांगतात. सोलापुरात मेच्या दुपारी टँकच ४१ चा. तो काही खात नाही, वर थोडी भरच घालतो.

तिसरी चूक कांडीच्या आकड्यात होती. ताप मोजायचं घरातलं डिजिटल थर्मामीटर ३२ ते ४२ अंशांच्या पट्ट्यात बहुधा ०.१ अंशापर्यंत अचूक असतं, आणि आपल्याला हवा तो आकडा नेमका त्याच पट्ट्यात येतो. ते साध्या पाण्यात कांडीशेजारी धरलं. कांडी ३८.० म्हणत होती तेव्हा थर्मामीटर ३८.५ दाखवत होतं. म्हणजे कांडीचे, आणि तिच्याशी जुळवलेल्या प्रोबचेही, सगळे आकडे अर्ध्या अंशाने कमी वाचले जात होते. (ही तपासणी फक्त साध्या पाण्यात करावी. रसायनात बुडवलेलं थर्मामीटर पुन्हा कुणाच्या तोंडात जाता कामा नये. आणि ते सर्वांत वरचा आकडा धरून ठेवतं, म्हणून पाणी चढत असताना वाचावं, उतरत असताना नाही.)

४०.४ मध्ये ०.५ मिळवा: ४०.९. हव्या तापमानापेक्षा ३.१ अंश जास्त. काही पावडर किटच्या पत्रकांत ३९ अंशांना साडेतीन मिनिटं आणि ३५ अंशांना पावणेसहा मिनिटं दिलेली असतात. त्यावरून अंशामागे वेग साधारण १३ टक्क्यांनी बदलतो असं निघतं. ३.१ अंशांना तो जवळपास ४६ टक्के होतो. म्हणजे घड्याळात सव्वातीन मिनिटं झाली, फिल्मला मात्र पावणेपाच मिनिटांइतका मार बसला. कमी प्रकाशात काढलेला रोल मुद्दाम जास्त डेव्हलप करताना, म्हणजे एक स्टॉप पुश करतानाही, पावणेचार मिनिटांच्या आसपासच थांबतात.

मग ४०.९ ला वेळ कमी करून सव्वादोन मिनिटं का देऊ नये, हा प्रश्न रास्त आहे. दोन कारणांनी देऊ नये. टँकमध्ये डेव्हलपर ओतायला आणि काढायला प्रत्येकी दहा-बारा सेकंद लागतात, आणि एकूण वेळ जितका कमी तितका त्यातला फरक फिल्मवर डाग आणि पट्टे म्हणून उमटतो. शिवाय वेळ घटवल्याने तळाच्या थराचं आणि वरच्या थराचं बिघडलेलं गणित जुळत नाही. घनता आटोक्यात येईल, रंगांचा छेद तसाच राहील.

हीटर थंड करत नाही

या प्रकरणाचं मूळ इथे आहे. घरगुती साधन कुठलंही घ्या, सू-व्हीड कांडी किंवा प्रोबवाला थर्मोस्टॅट, त्याच्या हातात एकच काम असतं: पाणी कमी पडलं की तापवणं. पाणी जास्त झालं तर ते फक्त बंद होतं आणि खोली पाण्याला गार करेल याची वाट पाहतं. खोली २४ ची असेल तर ही वाट पाहणं चालतं. खोली ४१ ची असेल तर पाणी कधीच खाली येणार नाही; झाकणबंद थर्माकोलच्या खोक्यात तर नाहीच नाही. त्या दुपारी कांडी पूर्ण वेळ नुसतं पाणी फिरवत होती, एकदाही तापली नाही. नियंत्रण सुरू आहे असं वाटत होतं, प्रत्यक्षात नव्हतं.

म्हणून नियम असा ठेवावा: खोली आणि पाणी दोन्ही ३४ च्या खाली असतील तेव्हाच रंगीत रोल धुवायला घ्यावा. मग साधन सतत थोडं थोडं तापवत राहतं आणि आकडा धरून ठेवतं. मेमध्ये सोलापुरात ही वेळ पहाटेची.

तशीच घेतली. उरलेल्या डेव्हलपरमध्ये, एका साध्या चाचणीच्या रोलवर. पहाटे सव्वापाचला खोली ३०, रात्रभर निवलेल्या टाकीचं पाणी ३२. खोक्यात १८ लिटर, १००० वॅटची कांडी. ३२ वरून ३८ वर जायला ४५० किलोज्यूल लागतात, म्हणजे साडेसात मिनिटं; प्रत्यक्षात नऊ लागली. कांडी ३७.५ वर लावली, कारण तिचे ३७.५ म्हणजे खरे ३८.०. डेव्हलपर बाटलीतून काढून स्टीलच्या उभ्या भांड्यात घेतला. स्टीलमधून उष्णता झपाट्याने जाते. मधूनमधून ढवळलं तर दहा मिनिटांत भांडं खोक्याशी जुळतं. भांडं चांगल्या स्टेनलेस स्टीलचं हवं आणि या कामापुरतंच वेगळं ठेवलेलं. तांब्या-पितळेचं अजिबात नको, तांब्याच्या संपर्कात डेव्हलपर लवकर खराब होतो. ब्लिक्स स्टीलमध्ये ठेवू नये, तो धातू खातो. तो प्लास्टिकच्या बाटलीतच बरा.

टँकमध्ये खोक्यातलंच ३८ चं पाणी एक मिनिट, ओतून पुन्हा एक मिनिट. पहिलं पाणी रंगीत बाहेर येतं, तो फिल्मवरचा रंग असतो, घाबरायचं कारण नाही. डेव्हलपर ओतण्याआधी भांड्यातच मोजला: अर्धा अंश मिळवून ३८.०. ओतल्यावर पहिले तीस सेकंद सलग हलवणं, मग दर अर्ध्या मिनिटाला चार वेळा उलटसुलट, मधल्या वेळात टँक खोक्याच्या पाण्यात. वेळेतले शेवटचे दहा सेकंद ओतून काढण्यासाठी.

काढलेला डेव्हलपर लगेच तसाच पुन्हा मोजला: ३७.६. ही एक सवय लावून घेण्यासारखी आहे. आधीचा आणि नंतरचा आकडा, त्यांची सरासरी हेच फिल्मने अनुभवलेलं तापमान. इथे ते ३७.८ आलं. या रोलच्या कडेचे आकडे जानेवारीच्या रोलशी जुळले.

दुपारीच धुवावा लागला तर

तर आधी खोली उतरवा. एप्रिल-मेमधली सोलापूरची हवा कोरडी असते, म्हणून वाळ्याचा कूलर इथे फार चांगलं काम करतो. अर्ध्या-पाऊण तासात बंद नसलेल्या खोलीचे आठ-दहा अंश उतरतात. फक्त फिल्म वाळत घालताना कूलर बंद ठेवा, त्याच्या हवेत धूळ आणि पाण्याचे बारीक थेंब असतात. आणि वाळवायच्या खोलीत टर्किश टॉवेल झटकू नका. सोलापुरात घरोघर असलेले हे टॉवेल ओल्या फिल्मला पुसट दिसणारे धागे बहाल करतात आणि ते स्कॅनमध्ये दोरखंडासारखे दिसतात.

पाणी उतरवायला बोअरचं पाणी चांगलं, पण पंप चालू असताना थेट घेतलेलं, टाकीत चढण्याआधीचं. माठाचं पाणी चालतंच. बर्फ वापरायचा तर फ्रीजरमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली खोक्यात सोडावी. बाटली उचलली की थंड होणं थांबतं, त्यामुळे आकडा हातात राहतो. १५ लिटर पाणी ४२ वरून ३८ वर आणायला साधारण अर्धा किलो बर्फ लागतो, म्हणजे अर्ध्या लिटरची एक बाटली पूर्ण वितळेपर्यंत. ३७ पर्यंत खाली जाऊ द्या आणि मग कांडीलाच वर चढवू द्या. कांडी तापताना दिसली म्हणजे नियंत्रण तिच्याकडे आलं.

वॉशसाठी टाकीचं ४४ चं पाणी सरळ नळाखाली धरू नये. मऊ झालेल्या जिलेटिनवर ओरखडे उठायला एवढं पुरतं. खोक्यातलंच पाणी टँकमध्ये भरून सहा-सात वेळा बदललं की वॉश होतो, आणि चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात तेवढी बचतही. शेवटचं स्टॅबिलायझर मात्र आरओच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात बनवावं. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग वाळलेल्या फिल्मवरून निघत नाहीत.

पाणी तापवायच्या साध्या हीटिंग रॉडबद्दल स्पष्ट सांगायला हवं. तो स्वतः बंद होत नाही आणि तो चालू असलेल्या पाण्यात हात घालणं जिवावर बेतू शकतं. वापरायचाच तर वेगळ्या बादलीत पाणी तापवा, बटण बंद करून पिन काढा, आणि मग ते पाणी खोक्यात मिसळा. हातमोजेही हवेतच. रंगीत डेव्हलपरमधल्या सीडी-४ या रसायनाने त्वचेला खाज आणि पुरळ येते, एकदा आली की पुढच्या वेळी लवकर येते.

डिसेंबरात सगळं उलटं होतं. पहाटे १५-१६ अंशांत टँक पाण्याबाहेर हलवला तर सव्वातीन मिनिटांत अंशभर सहज जातो, म्हणून संध्याकाळची वेळ बरी. खोका नसेल तर बादलीभोवती सोलापुरी चादर दुहेरी गुंडाळली तरी बराच फरक पडतो. वीज मध्येच गेली तरी १८ लिटर पाणी सव्वातीन मिनिटं आरामात तग धरतं, तेव्हा डेव्हलपर चालू असताना घाईने काही करू नये.

बिघडलेल्या रोलचं पुढे असं झालं. जादा डेव्हलप झालेली निगेटिव्ह परत घेता येत नाही. ब्लिक्स कमी पडला असता तर फिल्म पुन्हा त्यात घालून सुधारली असती, इथे तो उपाय लागू नव्हता. स्कॅन करताना लाल, हिरवा आणि निळा, तिन्ही चॅनेलचे वक्र वेगवेगळे लावले. बाराबंदीचा उन्हातला भाग आणि चुण्यांमधली सावली, दोन्ही ठिकाणी राखाडी जुळेपर्यंत. दिवसाच्या फ्रेममध्ये कपडे पांढरे झाले, पण चेहरे थोडे कोरडे, खडबडीत राहिले, दाणाही (ग्रेन) वाढलेला. होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामाच्या सहा फ्रेम मात्र जशाच्या तशा वापरता आल्या. काळं आकाश आणि भडक रंग, त्यात रंगांचा छेद दाखवून देणारं पांढरं कापड कुठेच नव्हतं.